आवारातल्या आवारात

आमच्या गावाच्या रेल्वे फाटकापाशी 'थांबा, पाहा, मग जा' अशी एक जुनी पाटी आहे. तिथे फाटक नव्हतं त्या काळातली. पुढे फाटक बसलं, गेटमन आला, पण पाटी काढायची कोणाला आठवण झाली नाही. फाटक सताड उघडं असलं तरी त्या पाटीपाशी स्कूटर बंद करून उतरणारा, रुळांच्या एका बाजूला दूरवर पाहणारा, मग दुसऱ्या बाजूला पाहणारा आणि मगच स्कूटर ढकलत पलीकडे जाणारा गावात एकच माणूस होता. मागे ट्रॅक्टर आणि ऑटो खोळंबायचे. कोणी फारच ओरडलं तर हा माणूस पाटीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणायचा, "लिहेल हाय ना? मंग झालं तं."

त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. मी त्यांच्या मंगल कार्यालयात बुकिंगचं काम पाहत होते. माझं माहेर पातूरचं. अकोल्याला एम.कॉम. केलं, लग्न होऊन या गावात आले, आणि माझे सासरे वकीलसाहेबांचे वर्गमित्र, म्हणून नोकरी मिळाली. ते मला शेवटपर्यंत सूनबाईच म्हणाले. गाव अकोला आणि अमरावतीच्या मधलं. अकोलेकर आम्हाला अमरावतीकडचे समजतात, अमरावतीकर अकोल्याकडचे, आणि लग्नाला मात्र दोन्हीकडची मंडळी आमच्याकडेच येतात, कारण कोणालाच जास्त अंतर पडल्याची तक्रार करता येत नाही. त्यामुळे कार्यालय चांगलं चालायचं.

वकिली त्यांनी थोडेच दिवस केली. एका कुंपणाच्या खटल्यात समोरच्या वकिलांचं बोलणं संपल्यावर ते उठले आणि न्यायाधीशांना म्हणाले, कलम यांच्याच बाजूचं दिसतं, माझ्या अशिलाने कुंपण मागे घ्यावं हे बरं. अशील बार्शीटाकळीचा, अंगापिंडाने दांडगा. तो बाहेर आल्यावर त्यांच्या अंगावर धावून गेला. वकीलसाहेबांनी त्याला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि अपिलाची मुदत समजावून सांगितली. ही गोष्ट मला त्यांच्या पत्नीने, काकूंनी सांगितली. त्यानंतर वकीलसाहेबांच्या वडिलांनी त्यांना कोर्टातून काढून कार्यालयाच्या गल्ल्यावर बसवलं. इथे कायद्याचा संबंध येणार नाही, अशी बिचाऱ्यांची समजूत होती.

बरीच वर्षं आलाही नाही. मग ओल्या कचऱ्याचा नियम आला.

ज्या धंद्यांतून जास्त कचरा निघतो, त्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा, असा तो नियम. नगरपालिकेने गावातल्या हॉटेलवाल्यांची, खानावळवाल्यांची आणि कार्यालयवाल्यांची सभा बोलावली. आरोग्य निरीक्षक म्हणून एक तरुण नवीनच आला होता, नाशिककडचा. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. बाकीचे लोक मोबाइलमध्ये पाहत होते. वकीलसाहेब पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि त्यांच्या शेजारी मी.

ओला म्हणजे काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. निरीक्षक म्हणाला, जे सडतं ते ओलं. मग वकीलसाहेबांनी एकेक वस्तू विचारायला सुरुवात केली. वरण सडतं, हे त्यांना मान्य होतं. पण विड्याची पानं? ती ओली. सुपारी? निरीक्षक जरा थांबला आणि म्हणाला, सुपारीही ओलीच धरा. मुंडावळ्या? फुलांच्या असतील तर. अक्षता? इथे मागचे लोक हसू लागले. निरीक्षकाने घाम पुसला आणि सांगितलं, काका, तांदूळच आहेत ते, ओला कचराच म्हणायचा. वकीलसाहेबांनी मान डोलावली. परत येताना स्कूटरवर ते एकदाच बोलले. म्हणाले, पोरगा हुशार आहे, एकही प्रश्न टाळला नाही त्याने.

बाकीच्यांनी नियमातून वाट काढली ती अशी. कंपोस्ट करायचं एक यंत्र मिळतं, मोठ्या पिंपासारखं, हिरव्या रंगाचं. ते आणून दर्शनी जागी ठेवायचं आणि कचरा पूर्वीसारखाच घंटागाडीत टाकायचा. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याने त्या पिंपात कांदे साठवले. हवा खेळती राहते, कांदे टिकतात, असं तो सगळ्यांना सांगायचा.

वकीलसाहेबांनी यंत्र घेतलं नाही. कार्यालयाच्या मागे कडुनिंबाखाली मोकळी जागा होती, तिथे त्यांनी विटांची टाकी बांधायला घेतली. मला वाटलं दोन-तीन बांधतील. त्यांनी रांगाच्या रांगा बांधल्या. प्रत्येक लग्नाला वेगळं टाकं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, एका लग्नाचं दुसऱ्यात मिसळलं आणि उद्या कोणी विचारलं की या लग्नाचा कचरा कुठे गेला, तर आपण काय दाखवणार? असं कोणी विचारेल, हे माझ्या डोक्यात येत नव्हतं. त्यांच्या डोक्यातून ते जात नव्हतं.

प्रत्येक टाक्यावर एक पत्रा. पत्र्यावर लग्नपत्रिकेत असतात तशी नावं, चि. सौ. कां. अमुक आणि चि. तमुक, आणि वर लाल अक्षरांत 'शुभविवाह'. उष्टं, फुलं, द्रोण-पत्रावळी, झाडून गोळा केलेल्या अक्षता, सगळं त्या त्या टाक्यात. मध्ये पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, बारीक तुकड्यांचे थर, वरून शेणकाला. दुरून पाहणाऱ्याला ती जागा कशी दिसायची हे मी बोलून दाखवत नाही. पण एका नवरदेवाची आत्या हात धुवायला मागे गेली आणि तिने चपला काढून त्या पत्र्यांना हात जोडले.

या टाक्यांची देखरेख महादेवकडे होती. आधी तो मांडव घालायचा. सकाळी तो ऑफिसच्या दारात येऊन वर्दी द्यायचा. राऊतांचं लग्न पिकलं. वानखड्यांचं अजून कच्चं हाय. ढोल्यांचं चाळून ठेवलं. तायड्यांच्या लग्नाले मुंग्या लागल्या. वकीलसाहेब तेवढ्याच गंभीरपणे सूचना द्यायचे, तायड्यांवर हळद टाका, वानखड्यांना एकदा खालीवर करा. हळूहळू मीही तसंच बोलू लागले. एकदा घरी जेवताना मी सहज म्हणाले की देशमुखांचं लग्न उद्या पोत्यात भरायचं आहे, तेव्हा सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

या बोलण्यातूनच इंगळ्यांचं प्रकरण झालं.

इंगळ्यांच्या मुलीचं लग्न आमच्याकडे लागलं आणि मुलगी अकोल्याला सासरी गेली. आठवडाभराने इंगळ्यांनी कार्यालयात फोन केला. त्यांची एक पितळी परात राहिली होती. मी बँकेत गेले होते, म्हणून फोन महादेवने घेतला. पलीकडून इंगळे म्हणाले, मी इंगळे बोलतो, आमच्या लग्नाचं जरा विचारायचं होतं. महादेवला वाटलं, चांगला माणूस दिसतो, आपल्या टाक्याची चौकशी करतो.

"तुमचं काही खरं नाई भाऊ," तो म्हणाला. "बिघडलं ते. लय पातळ झालं. वास सुटून राह्यला. वकीलसाहेब म्हनते दोन दिवस पाहू, नाई तं उपसून टाकू."

इंगळ्यांच्या हातून फोन पडला. त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. ती सासरी दुपारची झोपली होती. बाप रडतोय ऐकून तीही रडायला लागली, ती का रडते म्हणून सासू घाबरली, आणि वकिलाला आपल्या घरातलं काय कळलं म्हणून सासरा चिडला. तासाभरात इंगळे, त्यांची बायको, भाऊ आणि भावकीतले आणखी काही जण जीपने आमच्या दारात उतरले. मी नुकतीच बँकेतून आले होते. इंगळ्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं की आमच्या लग्नाला वास येतो असं कोण म्हणालं.

मी काही बोलायच्या आत वकीलसाहेब खुर्चीतून उठले. "मी म्हनलो," ते म्हणाले. "येतेच वास. चला, दाखवतो."

सगळे त्यांच्या मागे गेले. मीही गेले, कारण मारामारी झाली तर महादेव एकटा पडला असता. पत्र्यावर मुलीचं नाव पाहून इंगळे जागीच थांबले. वकीलसाहेबांनी टाक्यावरचं गोणपाट बाजूला केलं आणि आजाऱ्याच्या नातेवाइकांना डॉक्टर सांगतो तशा आवाजात समजावलं. तुमच्याकडे मठ्ठा फार उरला होता. मठ्ठ्यामुळे पाणी झालं. आता पऱ्हाटी घातली आहे, उद्यापर्यंत आवळून येईल. काळजीचं कारण नाही.

भावकीतला एक जण हसला आणि मग बाकीचेही हसू लागले. हसल्या नाहीत त्या फक्त इंगळेबाई. त्या टाक्याच्या काठाशी बसल्या होत्या आणि काडीने वरचा थर सारून आत पाहत होत्या. आलू-वांग्याची भाजी काळी पडली होती, पण पुऱ्या ओळखू येत होत्या. अख्ख्या पुऱ्या. आणि बुंदी, आणि भाताचे ढेकूळच्या ढेकूळ.

त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. "तुमचे बार्शीटाकळीवाले पाव्हने उपाशी गेले ना," त्या म्हणाल्या. "अन्न सरलं म्हनून."

ते खरं होतं. इंगळ्यांची बार्शीटाकळीची थोरली बहीण शेवटच्या पंगतीला आली, तेव्हा आचाऱ्याने हात वर केले होते. ती न जेवता गेली, आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. आता ते सरलेलं अन्न सगळ्यांसमोर पडलं होतं. महादेवने परात आणून दिली. ती काखेत धरून इंगळे निघाले आणि जाताना मला म्हणाले, "पिकलं म्हनजे फोन करजा." बहिणीकडे ते त्याच संध्याकाळी गेले, असं मला नंतर कळलं. सोबत काय नेलं ते माहीत नाही, पण परात घेऊन गेले होते.

यावरून कोणी वकीलसाहेबांना मोठा समाजसुधारक समजेल. तसं काही नव्हतं. अन्न वाया घालवू नका, असं ते कोणाला म्हणत नसत. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आवारात झालेला कचरा आवारात जिरला पाहिजे, एवढ्यावरच त्यांचा जीव अडकलेला असायचा. एका लग्नात तर त्यांनी निघालेली वरात कार्यालयाच्या फाटकात थांबवली. कारण होतं गळ्यातले हार. फूल ताजं आहे तोवर ते फूल, पण सुकलं की कचरा, आणि आवारात सुकलं असेल तर आमचा कचरा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही हार तपासले. नवरीचा ताजा निघाला. नवरदेव मित्रांबरोबर उन्हात नाचला होता, त्याच्या हाराचा चुरा झाला होता. तो आवाराबाहेर नेता येणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. नवरदेवाचे मित्र बाह्या सरसावून पुढे आले. तेवढ्यात नवरी हसायला लागली. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, आणि आता तिला हसू आवरेना. तिनेच नवऱ्याच्या गळ्यातला हार काढून वकीलसाहेबांच्या हातात दिला, वर आपलाही दिला. वकीलसाहेबांनी तिचा परत केला. म्हणाले, हा नियमात बसत नाही.

असं चाललं असताना एका शनिवारी दुपारी निरीक्षक आला. त्याला वरून विचारणा झाली होती. या कार्यालयातून घंटागाडीला कित्येक महिने ओला कचरा मिळालेला नाही, तेव्हा तो जातो कुठे? बहुतेक नाल्यात टाकत असतील, असा ऑफिसचा समज झाला होता. वकीलसाहेबांना मनापासून आनंद झाला. असं कोणीतरी विचारेल म्हणूनच तर त्यांनी हे सगळं उभं केलं होतं. त्यांनी त्याला टाक्यांच्या रांगांतून फिरवलं, राऊतांचं पिकलेलं लग्न मुठीत घेऊन त्याच्या नाकाशी धरलं. निरीक्षक बिचारा सकाळपासून गावातली हिरवी पिंपं पाहत फिरला होता. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "काका, मशीन कुठे आहे?"

मशीन नव्हतं. वकीलसाहेबांनी विचारलं, मशीनच पाहिजे असं लिहिलं आहे का? निरीक्षक म्हणाला, हो, लिहिलं आहे.

इथे त्यांनी कागद मागून पाहायला हवा होता. पण त्यांचा स्वभाव आड आला. लिहिलेलं चुकीचं असू शकतं, हे त्यांना मान्य होतं. जे लिहिलेलंच नाही ते कोणी लिहिलं आहे म्हणेल, ही शक्यता त्यांना कधी सुचत नसे. ते एकदम खचले. म्हणाले, मग माझी चूक आहे, तुम्ही तुमची कारवाई करा.

निरीक्षकाने फाटकाला कुलूप लावलं, त्यावर लाख लावली, बाजूला नोटीस चिकटवली. लावताना त्याच्या लक्षात आलं की वकीलसाहेब आतच आहेत. काकू त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या, त्याही आत. मी आणि महादेव बाहेर. निरीक्षकाने बाजूचं लहान दार दाखवलं. त्याला सील नव्हतं, तिथून येता येत होतं. वकीलसाहेब आले नाहीत. आवार सील झालं आहे आणि आपण आवारात आहोत, आता निघणं म्हणजे सील तोडणंच, असं त्यांनी गजांमधून समजावून सांगितलं. निरीक्षकाने हात जोडले. मग काकूंना म्हणाला, निदान तुम्ही तरी या.

काकू म्हणाल्या, "हे अथी राहतीन तं मी घरी जाऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी रविवार, नगरपालिकेचं ऑफिस बंद. आणि सोमवारी आमच्याकडे उमाळ्यांच्या मुलीचं लग्न होतं. उमाळे म्हणजे फुलवाले. पातूरच्या वाटेवर त्यांची झेंडूची आणि गुलाबाची शेती. कार्यालयाला फुलं तेच पुरवायचे आणि पिकलेली लग्नं पोत्यांत भरून तेच शेतात न्यायचे. त्या दिवसांत गावात दुसरी जागा रिकामी नव्हती. पाहुणे निघाले होते, मुलाकडचे अमरावतीहून येणार होते. रविवारी सकाळी उमाळे फाटकाशी आले. मला वाटलं आता शिव्या ऐकाव्या लागतील. त्यांनी फक्त विचारलं, "मी काय करू, साहेब?" वकीलसाहेब गज धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मग उमाळ्यांनीच ठरवलं. फाटकासमोर रस्त्याच्या कडेला मांडव घालायचा आणि तिथेच लग्न लावायचं. महादेव लगेच बांबू आणायला गेला.

मी दूध, चहापत्ती आणि थोडी वांगी घेऊन गेले होते. प्रवेश बंद म्हणजे माणसांना बंद, दुधाला नाही, असा निर्णय वकीलसाहेबांनी दिल्यावर ते गजांतून आत गेलं. काकूंनी त्या प्रचंड स्वयंपाकघरात दोघांचा चहा केला. तिथलं सगळ्यात लहान भांडं पन्नास माणसांच्या वरणाचं. त्याच्या तळाशी दोन कप चहा कुठे आहे ते वाकून पाहावं लागत होतं.

दुपारी मी पुन्हा गेले तर वकीलसाहेब हातात वाडगा घेऊन मागच्या टाक्यांच्या रांगांतून फिरून पुढे येत होते. वाडग्यात वांग्याची देठं, कांद्याची सालं आणि चहाचा चोथा. मला पाहून फाटकाशी आले. "सूनबाई, हे कोनत्या लग्नात टाकू?" त्यांनी विचारलं.

प्रश्न खराच होता. कचरा आवारात झाला होता, तो आवारात जिरायला हवा. पण तो कोणत्याच लग्नाचा नव्हता. उमाळ्यांचं टाकं कोरं होतं, पण लग्नाआधीच त्यात दुसऱ्याची सालं टाकणं त्यांना बरं वाटेना. काकू स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या लग्नात टाका. वकीलसाहेब म्हणाले, आपलं टाकं कुठे आहे?

"नाईच तं," काकू म्हणाल्या. "आपल्या पंगतीचं समदं मामंजीनं मागच्या नाल्यात फेकलं होतं. अथीच लागलं ना आपलं लग्न. लोकाइच्या लग्नाची टाकी बांधता, मग आपलं काहून नाई?"

वकीलसाहेबांनी वाडगा खाली ठेवला. मग विटा शोधायला गेले.

सोमवारी सकाळी फाटकासमोर मांडव उभा होता. मुलाकडची मंडळी येऊन रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली होती. येणारीजाणारी वाहनं वेग कमी करून नवरदेवाला पाहत होती. एवढी गर्दी का, हे पाहायला निरीक्षकही आला. आत वकीलसाहेब आणि काकू गजांमागे स्वच्छ कपडे घालून उभे होते. एका म्हाताऱ्या पाहुण्याने हे नवरीचे आजी-आजोबा का आणि त्यांना कोंडून का ठेवलं, असं मला विचारलं.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, दोन दिवस झाले आम्ही इथे आहोत, त्या कागदावर लिहिलंय तरी काय, तो बाहेरच्या बाजूने चिकटवलाय. मी वाचायला लागले. ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची यंत्रणा आढळून न आल्याने...

"थांब," काकू म्हणाल्या. "काय आढळून न आल्यानं?"

मी पुन्हा वाचलं. यंत्रणा. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग निरीक्षकाकडे. यंत्रणा आणि यंत्र एकच का हो, असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. निरीक्षक पुढे आला, त्याने नोटीस वाचली, मग आपल्या पिशवीतून मूळ नियम काढून वाचला. तिथेही यंत्रणाच होती. त्याचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि मला वाटतं तेवढ्यासाठी वकीलसाहेबांनी त्याला जन्मभराची माफी दिली. वकीलसाहेब स्वतःवर मात्र फार नाराज झाले. मी वाचलं नाही, मी ऐकलं, असं ते गजांमागे पुटपुटत राहिले.

निरीक्षकाने लाख फोडली, कुलूप काढलं. फाटक उघडताच वऱ्हाडी आत घुसू लागले. वकीलसाहेबांनी दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. कुलूप निघालं म्हणजे झालं नाही, तपासणी पूर्ण व्हायला पाहिजे. निरीक्षक गयावया करायला लागला, काका, मी नंतर लिहीन. उमाळे घड्याळ दाखवू लागले. भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. वकीलसाहेब हलले नाहीत. यंत्रणा आढळली असं लिहायचं, तर आधी ती आढळली पाहिजे.

मग तपासणी सुरू झाली. पुढे निरीक्षक, त्याच्या मागे वकीलसाहेब आणि मी, आणि आमच्या मागे सगळं वऱ्हाड, कारण कोणालाच बाहेर थांबायचं नव्हतं. नवरदेव बाशिंग सावरत चालला होता. दर टाक्यापाशी निरीक्षक स्थिती विचारायचा, महादेव सांगायचा आणि निरीक्षक लिहायचा. राऊत, पिकलेलं. वानखडे, पिकत आलेलं. तायडे, मुंग्या गेल्या. लोकांना गंमत वाटायला लागली. कोणी आपल्या भाचीचं लग्न शोधू लागलं, कोणी मेव्हण्याचं. मुलाकडच्या एकाला स्वतःचं सापडलं आणि त्याने बायकोला बोलावून दाखवलं. इंगळ्यांच्या पत्र्यापाशी निरीक्षकाने वाकून वास घेतला आणि म्हणाला, मस्त झालंय. उमाळ्यांच्या कोऱ्या टाक्यापाशी नवरी थांबली, आत पाहिलं आणि लाजली.

रांगेच्या टोकाला एक बुटकं, वेडंवाकडं टाकं होतं. विटा कोरड्याच रचलेल्या. पत्र्यावर 'शुभविवाह' आणि खाली वकीलसाहेबांचं नाव, शेजारी काकूंचं माहेरचं नाव. ते मी तोवर ऐकलंही नव्हतं. आत वाडगाभर सालं आणि चहाचा चोथा. महादेवला त्या टाक्याची काहीच माहिती नव्हती. निरीक्षकाने विचारलं, हे लग्न कधीचं? वकीलसाहेब म्हणाले, जुनं आहे. निरीक्षकाने आत पाहिलं आणि विचारलं की जुनं आहे तर अजून पिकलं कसं नाही, आणि पिकायला आणखी किती वेळ लागेल?

वकीलसाहेबांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पदर सारखा केला. "त्याची काई घाई नाई," त्या म्हणाल्या. "पोरीचा मुहूर्त चालला. तुमी लिहा काहीतरी."

निरीक्षकाने स्थितीच्या रकान्यात लिहिलं, 'चालू आहे', आणि वकीलसाहेबांनी चष्मा लावून ते नीट वाचल्यावर वऱ्हाड लग्नाच्या हॉलकडे पळालं.